गुरुवारचा डावा हात

पहिल्या तालमीत वाजवायला सुरुवात करून दोन मिनिटंही झाली नव्हती, तोच मास्तरांनी सॅक्सोफोन तोंडातून काढला आणि हात वर केला. सगळे थांबले. मास्तर माझ्याकडे बघत होते. म्हणजे माझ्या चेहऱ्याकडे नाही, कीबोर्डच्या मागच्या बाजूला.

"पोरी, तिकडं काय हाय?" त्यांनी विचारलं.

मी बघितलं. माझा उजवा हात पट्ट्यांवर होता आणि डावा हात कीबोर्डच्या मागे जाऊन हवेत पुढे-मागे, पुढे-मागे चालला होता. भाता मारत होता. तिथे भाता नव्हता. विजेवर चालणारं प्लास्टिकचं वाद्य ते, त्याला वाऱ्याची काडीइतकीही गरज नव्हती. पण माझ्या हाताला हे कोणी सांगितलं नव्हतं. ड्रमवाला हसून हसून स्टुलावरून पडायच्या बेतात आला. मी हात ओढून मांडीखाली दाबून धरला आणि म्हणाले, "काही नाही. सवय."

त्या सवयीची गोष्ट सांगायची तर आमच्या घरापासून सुरुवात करावी लागेल.

बाबा यवतमाळकडचे. नोकरीसाठी पुण्यात आले ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात फिटर म्हणून, आणि कारखान्याच्या क्वार्टर्समध्येच आम्ही वाढलो. क्वार्टर्सच्या भजनी मंडळात पेटी बाबांकडे होती. मला पाचव्या वर्षी त्यांनी मांडीशी बसवून पेटी शिकवली. बोटांचं त्यांना फारसं काही नव्हतं. तीन बोटांनी वाजव नाहीतर चार बोटांनी, ते बघायचेही नाहीत. त्यांचं सगळं लक्ष माझ्या डाव्या हातावर. "वारा तुटला नाई पायजे," एवढंच म्हणायचे. गाणारा श्वास घ्यायला थांबला तरी पेटीचा वारा तुटता कामा नये. माझा कधीच तुटला नाही. मला त्याचा फार गर्व होता. पुढे इंजिनीअर झाले, एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले, तरी दर शनिवारी भजनाला मी पेटीवर असायचेच.

दोन हजार साल उजाडणार आणि जगभरचे कॉम्प्युटर एका रात्रीत वेडे होणार अशी हवा तेव्हा होती. जुन्या प्रोग्राममधल्या तारखा सुधारायचं काम आमच्या कंपनीकडे आलं होतं. इतकं रटाळ काम मी पुन्हा कधी केलं नाही. सकाळी कंपनीची बस खडकीहून घ्यायची आणि संध्याकाळी सोडायची. त्या बसमध्ये माझ्या शेजारी एक सहकारी बसायचा. केस मानेपर्यंत, कानात कायम वॉकमन. तो बास गिटार वाजवतो एवढंच मला ठाऊक होतं, आणि बास गिटार म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. एके दिवशी मी सहज विचारलं, "रोज काय ऐकतोस एवढं?" त्यानं एक इअरफोन काढून माझ्या कानात घातला.

फ्यूजन होतं ते. जॅझचे सूर, मागे रॉकचे ड्रम. पहिले काही क्षण मला तो नुसता गोंधळ वाटला. मग कीबोर्डवाल्यानं डाव्या हातानं एक कॉर्ड, म्हणजे तीन-चार सूर एकदम, दाबली, आणि मी बसमध्ये चक्क उठून उभी राहिले. इअरफोनची वायर ताणली गेली, सहकारी ओरडला, ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं. मला कोणाचं भान नव्हतं. त्या कॉर्डमध्ये सा नव्हताच. ग होता, नी होता, वर एक भलताच सूर टांगलेला होता, आणि सा नसतानाही तो कानात वाजत होता. लहानपणापासून मी सा धरून बसलेली मुलगी. तो सोडता येतो, आणि सोडल्यावर असं होतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी ते गाणं औंध येईपर्यंत चार वेळा ऐकलं.

"आमच्या बँडमध्ये कीबोर्डवाला नाहीये यार," सहकारी उतरताना म्हणाला. "कॅज्युअल सीन आहे. संडेला प्रॅक्टिस करतो. कोणी माहीत असेल तर सांग."

"मला येतं," मी म्हणाले. मला अजिबात येत नव्हतं. माझं तोंड माझ्यापेक्षा दोन पावलं पुढे चालतं, ते आजही तसंच आहे.

कीबोर्ड मिळवला तो ऑफिसातल्याच एकाकडून. अमेरिकेत सहा महिने राहून येताना हौसेनं आणलेला, घरी कपाटावर धूळ खात पडलेला. मी तो घरी आणला, चौरंगावर ठेवला आणि मांडी घालून बसले. बाबांनी चष्मा लावून चारी बाजूंनी तपासला आणि म्हणाले, "याले भाताच नाई. मंग हा जिवंत कसा राह्यते?"

आता पुन्हा तालमीकडे येते. तालीम व्हायची मास्तरांच्या घरी, खडकी बाजारामागे, अंगणात. मास्तर लष्करी बँडमधून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे. आयुष्यभर परेडच्या धून वाजवल्यावर निवृत्तीत त्यांना जॅझचं वेड लागलं होतं. मिशा पांढऱ्या, पाठ सरळ आणि बूट रविवारीही पॉलिश केलेले. माझा भाता पाहून ते हसले नाहीत, त्यामुळे मला जास्त लाज वाटली.

लाज झाकायला मी पुढच्या रविवारपर्यंत एक युक्ती केली. मास्तरांनी स्वतः बांधलेली गत होती काळी दोनमध्ये, म्हणजे सॅक्सोफोनला सोयीच्या जागी. आमच्या भजनी मंडळाचे बुवा मात्र पांढरी एकचे, त्यामुळे माझी बोटं तेवढ्या एकाच घरात वाढलेली. काळी दोनमध्ये त्यांना कुठलीच वाट सापडेना. पण कीबोर्डवर एक बटण होतं. ते दाबलं की आपण पांढरीवर वाजवायचं आणि आवाज काळी दोनचा निघतो. ऑर्केस्ट्रातले निम्मे लोक याच बटणावर संसार करतात. मीही दाबलं, आणि ऐटीत वाजवू लागले.

मास्तरांनी पुन्हा हात वर केला. ते चालत माझ्यामागे येऊन उभे राहिले. "माझ्या बाजातनं काळी दोन निघतीया. तुज्या पेटीतनं बी काळी दोन. मग तुजी बोटं पांढरीवर काय करत्यात?"

ते घरात गेले, जखमेला लावायची चिकटपट्टी घेऊन आले आणि त्या बटणावर व्यवस्थित चिकटवून, वरून अंगठ्यानं दाबून परत जागेवर गेले. मग म्हणाले, "ऐक. दहा आठवड्यांनी आपला कार्यक्रम हाय, शनिवार पेठेतल्या हॉलमंदी. आठव्या रविवारी मी कॅम्पातल्या पियानोच्या सरांना बी हितं बोलवनार. त्येंचे दोन्ही हात चालत्यात. तुजा एक चालतोय. एका हातावर मी बँड न्हाय चालवत. आठव्या रविवारी ज्याचे दोन्ही हात चालतील, तो बसंल."

घरी येताना मी इतकी चिडले होते की रिक्षा न करता चालत आले. राग मास्तरांचा नव्हता. ते खरं बोलले होते. मला ती जागा हवी होती. कंपनीत बढती हवी होती, घर हवं होतं, ते सगळं असतंच. पण बसमध्ये ऐकलेली ती कॉर्ड माझ्या हातातून निघावी, चार माणसांच्या मध्ये बसून निघावी, याइतकं मला तोवर काहीच हवंसं वाटलं नव्हतं. आणि माझ्या आणि त्या जागेच्या मध्ये माझाच डावा हात उभा होता.

मग सुरू झाली ती धुमाळी. पहाटे साडेपाचला उठायचं, कानाला हेडफोन लावायचे आणि आधी अंगठा. पेटीवाले अंगठ्याला पाहुण्यासारखं वागवतात, कामाला लावत नाहीत. पियानोवर सगळी मदार त्याच्यावर. तो इतर बोटांच्या खालून निमूटपणे सरकवायचा, म्हणजे हात पुढे वाहत जातो. माझा अंगठा खालून जाताना मनगटासकट उचकायचा. पंधरा दिवस मी एकच सप्तक वर-खाली केलं, बारा जागांवरून, आधी गोगलगायीच्या गतीनं. ऑफिसमध्ये मीटिंग चालू असताना टेबलाखाली मांडीवर बोटं चालवली. मॅनेजर एकदा म्हणाले, "तुम्हाला फिजिओथेरपीची गरज आहे का?" मी म्हटलं, "सुरूच आहे."

आणि एका पहाटे अंगठा गेला. उचकला नाही, अडखळला नाही, खालून असा सरकला की मला कळलंही नाही. मी पुन्हा केलं. पुन्हा गेला. काळी दोनपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्या एका ओळीत लागल्या, आणि मी हेडफोन लावलेलेच विसरून आईला हाक मारली, "आई, ऐक, ऐक." आईला अर्थातच काही ऐकू आलं नाही. ती दुधाचं पातेलं हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिली आणि "छान" म्हणून आत गेली.

उजवा हात असा मार्गी लागला. डावा मात्र दगड. त्याला कॉर्ड दाबता यायची, पण ठोक्यावरच. वर्षानुवर्षं भजनाच्या ठेक्यावर भाता मारलेला हात तो, सम आली की त्याला पडायचंच असायचं. आणि या संगीतात डाव्या हाताची सगळी गंमत ठोक्याच्या आधी नाहीतर नंतर. सम येणार म्हणून सगळे वाट बघतात, आणि तुम्ही अर्धा क्षण आधीच टिचकी मारून मोकळे होता.

यावर मास्तरांनी जो उपाय काढला तो दुसऱ्या कोणाला सुचला नसता. त्यांनी मला कीबोर्डवरून उठवलं आणि अंगणात परेड करायला लावली. "लेफ्ट, राइट, लेफ्ट. पाय ठोक्यावर पडू दे. तोंडानं गत म्हन. आन डाव्या हातानं मांडीवर थाप, दोन पावलांच्या बरोबर मधी."

तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी शेकडो जवानांना चालता चालता वाजवायला शिकवलं होतं, त्यामुळे शरीराचे तुकडे वेगवेगळे चालवण्याची त्यांची हीच एक पद्धत होती. मी तोंडानं गत म्हणत, पाय आपटत, मांडीवर थापा मारत अंगणात गोल फिरू लागले. पहिल्याच फेरीत हात पायाबरोबर पडला. "पुन्यांदा," मास्तर म्हणाले. दुसऱ्या फेरीत पाय हाताबरोबर पडला. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या काकू कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "अहो मास्तर, आता बायकांचीही भरती सुरू झाली का?"

"व्हय," मास्तर म्हणाले. "तुमी बी या, जागा हायेत."

तीन रविवार मी अशी फिरले. बसथांब्यावर, जिन्यात, ऑफिसच्या कॉरिडॉरमध्येही. चौथ्या रविवारी फेऱ्या मारता मारता थाप मधोमध पडू लागली आणि पडतच राहिली. मग मास्तरांनी मला धरून कीबोर्डवर बसवलं आणि हात तसाच चालू ठेवायला सांगितला, फक्त मांडीच्या जागी पट्ट्या. ग आणि नी, दोनच बोटं. सा नाही. सा बासवाल्याकडे.

या 'सा'पायी माझं आणि सहकाऱ्याचं भांडणही झालं होतं. मला सवयीनं सा दाबल्याशिवाय चैन पडायचं नाही, आणि मी खालचा सा दाबला की सहकारी वैतागायचा. "हे बघ, लो एंड माझा एरिया आहे. तू तिथे आलीस ना की सगळा चिखल होतो." मी म्हटलं, "तुझ्या नावावर सातबारा आहे का त्याचा?" पण त्याचं बरोबर होतं. मी वर राहिले की आवाज उघडायचा, कॉर्ड हवेत लटकायची, अगदी बसमधल्यासारखी. रविवारी मी निमूटपणे वर राहायला शिकले.

गुरुवारची गोष्ट वेगळी होती.

पुण्यात गुरुवार म्हणजे वीज नसण्याचा वार. आमच्या क्वार्टर्समध्ये दुरुस्तीसाठी पहाटेच जायची ती दुपार उलटली तरी परत यायची नाही. इतर दिवशी सकाळी दीड तास मिळायचा, गुरुवारी कीबोर्ड मुका. दहा आठवड्यांतले दहा गुरुवार फुकट जाणार म्हणून मी पहिल्याच गुरुवारी घरभर आदळआपट केली. बाबा कामावर निघायच्या तयारीत होते. त्यांनी सायकलच्या क्लिपा पँटला लावल्या होत्या. त्या त्यांनी काढून ठेवल्या, कोपऱ्यातली पेटी ओढली आणि माझ्यासमोर मांडली.

"पेटीवर एकच हात मोकळा असतो, बाबा," मी चिडून म्हणाले. "मला दोन्ही हवेत."

"तुले भाता माराले कोन सांगून राह्यलं?" ते पेटीच्या पलीकडे माझ्यासमोर बसले आणि भात्याला हात घातला. "भाता मी मारतो. तू वाजव दोन्ही हातांनं."

मी वाजवायला लागले. डाव्यात ग आणि नी, उजव्यात मास्तरांची गत. बाबांचा हात एका लयीत चालला होता, वारा तुटत नव्हता. पण त्यांचा चेहरा कसनुसा होत गेला. शेवटी त्यांनी भाता थांबवला. "हे सूर काहून भांडून राह्यले एकमेकांशी?"

"तसेच असतात ते. भांडायलाच हवेत."

"भांडू दे. पन भांडाले जमीन तं पायजे. हे सारे अधांतरी लटकून हायेत." त्यांनी खालच्या सप्तकाकडे बोट दाखवलं. "खाली काई तरी दे त्याइले."

मी समजावलं की ते बासवाल्याचं काम आहे. बाबा म्हणाले, "तो कुठं हाये इथं?" मग मी डाव्या हाताला खाली नेलं. आधी नुसता सा. मग बाबांना तोही पुरेना, कारण वर कॉर्ड बदलली तरी खाली सा तसाच राहायचा आणि ते लगेच भुवई उचलायचे. म्हणून हात खाली चालू लागला, एका कॉर्डच्या सा पासून दुसरीच्या सा पर्यंत, पायरी पायरीनं, प्रत्येक ठोक्याला एक सूर. मध्येच संधी मिळाली की वर उडी मारून ग-नी टिचकावून परत खाली. मला कोणी शिकवलं नाही. बाबांची भुवई खाली राहावी म्हणून मी ते करत होते, बस.

ते दहा-पंधरा मिनिटंच असायचं, कारण त्यांना कारखाना गाठायचा असायचा. पण दर गुरुवारी बाबा वेळेच्या आधी चहा संपवून पेटीपलीकडे बसलेले असायचे. त्यांना त्यात काय मिळत होतं देव जाणे. पाचव्या गुरुवारी मी वेग इतका वाढवला आणि बाबाही इतके रंगात आले की भात्याचं चामडं टरकलं. मी पेटी घेऊन शनिवार पेठेतल्या पेटी दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेले. त्यांनी भात्यात बोट घालून पाहिलं.

"पेटी वाजवता की शेगडी पेटवता?"

"गुरुवारपर्यंत मिळेल का?"

"बुधवारी या."

"त्याआधी नाही का मिळणार?"

"त्याआधी मंगळवार असतो. मंगळवारी दुकान बंद असतं." एवढं बोलून ते दुसऱ्या पेटीकडे वळले.

बुधवारी पेटी मिळाली आणि गुरुवार वाचला. त्याच शनिवारी भजनाच्या वेळी बाबा माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "तो एक भांडखोर सूर टाक की मधात. कोनाले समजनार नाई." मी टाकला. बुवांनी चमकून माझ्याकडे पाहिलं आणि बाबा टाळ वाजवत छताकडे बघत राहिले.

आठवा रविवार आला. कीबोर्ड आणि स्टँड मला एकटीला रिक्षात चढवता येईना म्हणून बाबा बरोबर आले आणि मास्तरांच्या ओट्यावर चपला काढून बसले. कॅम्पातले सर आधीच आले होते. चाळिशीचे, चौकटीचा शर्ट, अत्यंत नम्र. मला त्यांचा राग आला, कारण राग यावा असं त्यांच्यात काहीच नव्हतं.

ते आधी वाजवायला बसले. कागद समोर ठेवला, एकदा नजर फिरवली आणि मास्तरांची गत अशी वाजवली की जणू तेच ती बांधून घेऊन आले होते. दोन्ही हात रेशमासारखे. एक सूर इकडचा तिकडे झाला नाही. मी मनात हरले. खरंच सांगते, ते उठले तेव्हा मी स्टँडचे स्क्रू सैल करावेत का, असा विचार करत होते. मास्तर म्हणाले, "बस." मी बसले.

सुरुवात बरी झाली. ग-नी दोन ठोक्यांच्या मध्येच पडत होते, जसे पडायला हवे तसे. अंगठा सरकत होता. मास्तरांनी सॅक्सोफोनवर गत मांडली, दोनदा फिरवली आणि माझ्याकडे मान हलवली. आता मी एकटी. मी डोळे मिटले.

सोलो वाजवताना काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. सुरुवातीलाच कधीतरी पायाखालून काहीतरी सरकल्यासारखं वाटलं, पण ते तेवढ्यापुरतंच, लगेच सगळं पुन्हा घट्ट झालं. उजवा हात मोकाट सुटला होता. आठ आठवडे गोगलगायीसारखा चाललेला तो हात आता मी म्हणेन तिथे जात होता, मी म्हणायच्या आधी जात होता. एक तान सुरू केली, ती काळी दोनच्या बाहेर गेली, मी घाबरले नाही, तिला तिथेच दोन गिरक्या मारू दिल्या आणि परत आणली. ड्रमवाला मोठ्यानं हसला, पण यावेळी वेगळं हसू होतं ते. मला इतका आनंद झाला होता की श्वास घ्यायचं राहून जात होतं. पाच आवर्तनं झाली असतील. मग मास्तरांचा सॅक्सोफोन परत आला, गत मिटली, आणि मी डोळे उघडले.

बासवाला सहकारी समोर नव्हता. तो पायरीवर बसला होता. गिटार भिंतीला टेकवलेली, हातात कप, आणि तो निवांतपणे चहात खारी बुडवून खात होता.

"तू कधी थांबलास?" मी विचारलं.

"तुझा सोलो सुरू झाला तेव्हाच. मास्तरांनी खूण केली ना."

"मग बास कोण वाजवत होतं?"

कॅम्पातल्या सरांनी अदबीनं माझ्या डाव्या हाताकडे बोट दाखवलं. हात खालच्या सप्तकात होता. मी त्याला तिकडे पाठवलं नव्हतं.

मास्तर सॅक्सोफोन गळ्यातून काढत जवळ आले. "मी बघत हुतो, बास काढून घेटली तर तू पडतीस का तग धरतीस. तेवडंच बघायचं हुतं. हे असलं खालचं चालणं मी न्हाय शिकवलं तुला. कुठं शिकलीस?"

मी खरंच आठवायचा प्रयत्न करत होते. तेवढ्यात ओट्यावरून बाबा म्हणाले, "गुरुवारी."

सगळे वळले. बाबा भरल्या अंगणात कधी मोठ्यानं बोलत नाहीत. ते गडबडून उभे राहिले.

"गुरुवारी कोन शिकवतं?" मास्तरांनी विचारलं.

"शिकवत नाई जी कोनी. लाइट नसते न. मंग मी भाता मारतो."

तेव्हा मला कळलं. खालचा आवाज गेला, आणि माझ्या हाताला वाटलं की आज गुरुवार आहे. मला एकदम रडू आलं, सगळ्यांदेखत, नाक लाल होईपर्यंत. बँडमध्ये जागा मिळाली की नाही हे अजून कोणी बोललं नव्हतं आणि मी विचारलंही नाही.

मास्तरांनी घरातून खुर्ची आणली. ती त्यांनी माझ्या डाव्या बाजूला, कीबोर्डला लागून ठेवली आणि बाबांना म्हणाले, "तुमी हितं बसा." बाबा संकोचून बसले, हात मांडीवर, काय करावं ते न कळून. कॅम्पातले सर स्वतःहून थोडे मागे सरकले आणि त्यांनी चहाचा कप घेतला.

"पुन्यांदा," मास्तर म्हणाले. "पहिल्यापास्नं. बासवाल्याचा चहा संपूस्तोवर आपलं अडणार न्हाय."